आखूड दावं

ऑस्टिनहून २९० नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला निघालं की तासाभरात 'हिल कंट्री' लागते. खंबाटकीच्या घाटात एसटीच्या खिडकीतून ओकत मोठं झालेल्या माणसाला या टेकड्या म्हणजे जमिनीला आलेली टेंगळं वाटतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी नवऱ्याला विचारलंही होतं, "अरे, यातली हिल कुठली?"

गेल्या एप्रिलात काका-काकूंना घेऊन पुन्हा तिकडे गेलो. काका म्हणजे माझे चुलत सासरे. मिरजेला एमबीबीएस करून १९७२ साली अमेरिकेत आले, अलाबामात एका छोट्या गावात डॉक्टरकी केली आणि आता मुलाच्या जवळ म्हणून ऑस्टिनला आलेत. एप्रिलात इथे रस्त्याकडेला निळी ब्लूबॉनेटची फुलं पसरतात आणि साऱ्या टेक्सासला त्यात बसून फोटो काढायचे असतात. काकूंना तेच हवं होतं. काकांना वाटेतल्या बार्बेक्यूच्या दुकानात थांबायचं होतं (काकूंच्या देखत शाकाहारी, काकूंची पाठ वळली की टेक्सन). मला मात्र पेडर्नालेस नदीकाठची एक शाळा बघायची होती.

अमेरिकेचा एके काळचा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन, त्याचं रँच आता सरकारी उद्यान आहे. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड गाई अजून चरत असतात. जवळच जंक्शन स्कूल, एका खोलीची शाळा. चार वर्षांचा लिंडन घरातून पळून या शाळेत येऊन बसायचा आणि बाईंनी मांडीवर घेतल्याशिवाय वाचून दाखवायचा नाही. ११ एप्रिल १९६५ ला, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, हाच लिंडन राष्ट्राध्यक्ष म्हणून शाळेच्या अंगणात टेबल मांडून बसला, त्याच बाईंना, केट डेड्रिक लोनींना, शेजारी बसवलं आणि शाळांना केंद्राचा पैसा देणाऱ्या कायद्यावर सही केली.

नाटकी माणूस होता. पाहुण्यांना निळ्या गाडीत बसवायचा, उतारावर "ब्रेक लागत नाहीयेत" म्हणून ओरडायचा आणि गाडी थेट तळ्यात घालायचा. ती गाडी पाण्यावर तरंगणारी होती, हे पाहुण्यांना नंतर कळायचं. गाडी अजून तिथे ठेवलेली आहे. काका तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "पेशंटला हार्ट अटॅक आला असता म्हणजे?"

पण शाळेतलं नाटक उगाच नव्हतं. तसा कायदा करायचे प्रयत्न त्याच्या आधी वर्षानुवर्षं आपटले होते. कॅथलिक शाळांना पैसे द्यायचे तर प्रोटेस्टंट चिडणार, नाही द्यायचे तर कॅथलिक. दक्षिणेतल्यांना वाटायचं, वॉशिंग्टनचा पैसा आला की मागून वॉशिंग्टनचा माणूस येणार आणि गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं बसवणार. जॉन्सनच्या माणसांनी गाठ अशी सोडवली की पैसा शाळेला नाही, गरीब मुलाला. ते मूल ज्या शाळेत जाईल तिथे त्याच्या पाठोपाठ पैसा जाईल. मग चर्चचं काय, हा प्रश्नच बाजूला पडला. आणि दक्षिणेतल्यांची भीती? ती अगदी खरी ठरली. त्याबद्दलच मला लिहायचंय.

जॉन्सन स्वतः काही काळ मास्तर होता. १९२८ साली, कॉलेजचे पैसे संपले म्हणून. कोटुला नावाच्या गावात, मेक्सिकोच्या सरहद्दीकडे, मेक्सिकन मुलांच्या शाळेत. मुलं उपाशी यायची. पहिल्या पगारातून त्याने त्यांच्यासाठी खेळाचं सामान आणलं. आणि शाळेच्या आवारात स्पॅनिश बोललेलं सापडलं की तोच मास्तर फटके द्यायचा. मराठी बोललं म्हणून शाळेत दंड भरलेल्यांना हे काही नवीन नाही. पण मला त्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच वर्षातल्या म्हणून लक्षात राहिल्या. देणार भरभरून, पण दावं हातात ठेवून.

दावं हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. त्याच्याकडे परत येते.

तोवर त्याची दुसरी बाजूही सांगून टाकते, नाहीतर देव्हाऱ्यात बसवल्यासारखं व्हायचं. १९३७ साली काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, गेल्यापासून पुढची वीस वर्षं जॉन्सनने काळ्यांच्या हक्काच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध मत दिलं. झुंडीने फासावर लटकवण्याविरुद्धच्या विधेयकालासुद्धा. टेक्सासची मतं हवी होती. १९५७ साली त्याने १८७५ नंतरचा पहिला नागरी हक्कांचा कायदा सिनेटमधून पार केला, तोही आधी त्याचे दात उपटून. मग नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींचा खून झाला, उपाध्यक्ष जॉन्सनची विमानातच राष्ट्राध्यक्षपदाची शपथ झाली, आणि मतांचा हिशेब करणारा हाच माणूस एकदम उलट्या बाजूला सगळं गणित लावायला लागला. मन पालटलं, की वर बोलणारं कुणी उरलं नाही म्हणून मनातलं बाहेर आलं? चरित्रकार भांडोत. मला दोन्ही खरं वाटतं.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर सिनेटमध्ये साठ दिवस भाषणं चालली. भाषण करत राहायचं, मतदान होऊच द्यायचं नाही, ही तिथली जुनी रीत. विरोधकांचा म्होरक्या रिचर्ड रसेल, ज्याच्या बोटाला धरून जॉन्सन सिनेटचं राजकारण शिकला होता. १० जूनला चर्चा संपवण्यावर मतदान झालं तेव्हा कॅलिफोर्नियाच्या क्लेअर एंगलना चाकांच्या खुर्चीतून आणलं. मेंदूत गाठ, वाचा गेलेली. नाव पुकारल्यावर त्यांनी हात कसाबसा उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीतलं होकाराचं 'आय' आणि डोळ्याचं 'आय' कानाला एकच. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९. जुलैअखेर एंगल गेले.

या कायद्यातलं हॉटेलांचं, नोकऱ्यांचं कलम सगळ्यांना माहीत असतं. सहाव्या कलमाकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही. ज्याला केंद्र सरकारचा पैसा मिळतो त्याला वंश, रंग बघून भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. वाचायला सपक. पैसा तरी किती होता तेव्हा केंद्राचा? शाळा राज्यांच्या, बहुतेक हॉस्पिटलं खाजगी.

आणि मग १९६५ मध्ये पैसा आला. आधी त्या शाळेच्या अंगणात सही झाली. सुप्रीम कोर्टाने शाळांमधला भेद घटनाबाह्य ठरवून दहा वर्षं झाली तरी दक्षिणेत गोऱ्यांसोबत शिकणारी काळी मुलं शंभरात जेमतेम एक-दोन होती. कोर्टाने जे झालं नाही ते आता चेकने होणार होतं. मग ३० जुलैला, मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी, मेडिकेअर.

मेडिकेअर म्हणजे पासष्टच्या पुढच्या सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा. हॅरी ट्रूमनने १९४५ साली सगळ्याच देशाला विमा द्यायचा प्रस्ताव मांडला होता आणि डॉक्टरांच्या संघटनेने "ही तर समाजवादी वैद्यकी" म्हणून तो गाडला होता. जॉन्सन सही करायला मुद्दाम ट्रूमनच्या गावी गेला, एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला पहिला लाभार्थी केलं. त्याच सुमाराचा, डॉक्टर-संघटनेच्या पुढाऱ्यांचा एक किस्सा सांगतात. ते भेटायला आले तेव्हा जॉन्सनने मेडिकेअरचं नावही काढलं नाही. व्हिएतनामला डॉक्टर पाठवायला मदत कराल का, विचारलं. देशाचं काम, नाही कोण म्हणणार? लगेच पत्रकार आत बोलावले. त्यांनी विचारलं, डॉक्टर मेडिकेअरला सहकार्य करणार का? जॉन्सन म्हणे रागावल्यासारखा झाला: ही माणसं व्हिएतनाममध्ये जीव धोक्यात घालायला तयार आहेत आणि तुम्ही असलं विचारता? पुढारी काय बोलणार. "कायदा आम्ही पाळणारच" म्हणाले.

मी गाडीत हा किस्सा सांगितला तेव्हा काका खो-खो हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "आमच्या हॉस्पिटलला दोन दारं होती."

मला वाटलं, इमर्जन्सीचं वेगळं.

"नाही गं. मी गेलो तेव्हा मागच्या बाजूला एक खोली होती. आत जुन्या फायली, मोडक्या खुर्च्या. बाहेर उघडणारं स्वतंत्र दार. मी एका नर्सला विचारलं, ही स्टोअररूम एवढी मोठी का? आणि स्टोअररूमला बाहेरून दार कशाला? ती काळी होती. म्हणाली, डॉक्टर, ती आमची वेटिंग रूम होती."

काकू मागून म्हणाल्या, "मला कधी सांगितलं नाहीत हे."

"तू कधी विचारलं नाहीस," काका म्हणाले. खरं तर काकांनाही ते फारसं सांगण्यासारखं वाटलं नसावं.

ती खोली स्टोअररूम कशी झाली ते मला नंतर वाचून कळलं. मेडिकेअर १ जुलै १९६६ ला सुरू व्हायचं होतं. पैसा हवा असेल तर आधी सहाव्या कलमाप्रमाणे तपासणी: वॉर्ड एक, वेटिंग रूम एक, कॅन्टीन एक, रक्तपेढी एक. दक्षिणेत तोवर काही ठिकाणी रक्ताच्या बाटल्यासुद्धा रंगाप्रमाणे वेगळ्या ठेवायचे. पुरेसे तपासनीस नव्हते, म्हणून सरकारच्या इतर खात्यांतून डॉक्टर, कारकून, जो मिळेल तो उसना घेऊन गावोगाव पाठवला. काही हॉस्पिटलांनी तपासनीस येणार म्हणून त्या दिवसापुरते पेशंट इकडचे तिकडे हलवले. आपल्याकडे शाळा तपासणीला पाहुणे येणार म्हटलं की शेजारच्या वर्गातली मुलं आणून बसवतात तसं. पण तिथल्याच काळ्या नर्सेस आणि वॉर्डबॉय बाहेरच्या बाहेर खरं सांगायचे. आणि काही महिन्यांत हजारो हॉस्पिटलांतली दुसरी दारं बंद झाली. मोर्चा नाही, पोलिसांची कुत्री नाही, बहुतेक गावांत वर्तमानपत्रात बातमीही नाही. म्हाताऱ्या गोऱ्या पेशंटचं बिल सरकार देणार होतं, आणि ते सोडवत नव्हतं.

मला त्या सगळ्या कायद्यांत हा भाग सर्वात आवडतो. फार उदात्त नाहीये, म्हणूनच बहुधा. माणसं सुधारायची वाट न बघता त्यांच्या हिशेबाच्या वहीत हात घातला.

काका आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत हमखास एक गोष्ट सांगतात. त्या पिढीतले सगळेच सांगतात. खिशात आठ डॉलर घेऊन आलो. तेव्हा रिझर्व्ह बँक तेवढेच नेऊ द्यायची. आठ डॉलर, एक सूटकेस, स्वेटर आणि आईने दिलेला लाडवांचा डबा. गोष्ट खरी आहे, थंडीही खरी आहे. पण त्या गोष्टीत दार कुणी उघडलं ते कधी येत नाही.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेत यायचा कोटा देशागणिक ठरवला होता. उत्तर आणि पश्चिम युरोपला मोठे वाटे, आशियाला दार बंदच. १९४६ नंतर भारताला कोटा मिळाला, वर्षाला १०० माणसं. एवढी तर आमच्या गणपतीला पहिल्या पंगतीत जेवून उठतात. ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सनने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली आणि जन्मभूमीचा कोटा संपला. नातेवाइकांना आणि डॉक्टर-इंजिनिअरसारख्या शिकलेल्यांना प्राधान्य आलं. त्या भाषणात तो म्हणाला, हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात इटालियन, ग्रीक, पोलिश होते. मायकेल फेइगन नावाच्या खासदाराने तर नातेवाइकांना पहिला क्रम मुद्दाम लावून घेतला: इथे सगळे गोरे, म्हणजे नातेवाईकही गोरेच येणार. आमच्या भावाचा मेहुणा, मेहुण्याची बहीण, बहिणीचे सासू-सासरे ही साखळी बिचाऱ्याच्या हिशेबात नव्हती. १९६० च्या जनगणनेत अमेरिकेत भारतात जन्मलेले सुमारे १२ हजार लोक होते, १९८० ला दोन लाखांच्या वर. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं आहे, ते काही योगायोगाने नाही.

आणि १९६५ मध्येच हे का झालं? ज्या काँग्रेसने वर्षभरापूर्वी देशातला वर्णभेद बेकायदा ठरवला तिला सरहद्दीवर वंशाची चाळणी ठेवणं लाजिरवाणं झालं होतं. ती लाज आणली कुणी? मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर, काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा काढून पोलिसांकडून डोकी फोडून घेतलेल्यांनी. सेल्मा काकांच्या गावापासून गाडीने दीड तास. तिथे राहिले तेवढ्या वर्षांत एकदाही गेले नाहीत. मी चिडून बोलत नाहीये. मीही एच-वन वर आले तेव्हा मला सेल्मा हा सिमेंटचा ब्रँड वाटला असता.

मेडिकेअरचं अजून एक. हॉस्पिटलांना शिकाऊ डॉक्टर ठेवायला मेडिकेअर पैसे देतं, अगदी सुरुवातीपासून. म्हाताऱ्यांचा विमा आला, पेशंट वाढले, डॉक्टर कमी पडले, बाहेरून आले, त्यांच्या रेसिडेन्सीचा काही खर्चही त्याच थैलीतून. मी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं.

"म्हणजे तिकडे महाराष्ट्र सरकारच्या पैशाने शिकलो," ते म्हणाले, "आणि इकडे या बाबाच्या. मग ते आठ डॉलर कशाला लागले?"

आता दावं.

ज्या उन्हाळ्यात मेडिकेअरवर सही झाली त्याच उन्हाळ्यात भारतासोबतचा धान्याचा करार संपला. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली अमेरिका आपल्याला रुपयांत गहू विकायची. जॉन्सनने नवा लांबचा करार करायला नकार दिला. महिन्या-दोन महिन्यांपुरता गहू सोडायचा, तोही स्वतःच्या मंजुरीने, एकेक खेप. भारतात कुठे किती पाऊस पडला याचे अहवाल तो टेबलावर घेऊन बसायचा. पुढे या धोरणाला इंग्रजीत नाव पडलं त्याचा सरळ मराठी अर्थ आखूड दावं. गाई पाळणाऱ्याचाच शब्द. भारताने शेतीवर खर्च करावा, नवं बियाणं-खत आणावं, ही एक अट. व्हिएतनामबद्दल बोलू नये, ही न लिहिलेली दुसरी. दिल्लीने टीका केली की खेप रेंगाळायची. १९६५ चा पाऊस गेला, १९६६ चाही गेला. १९६६ साली आपण सुमारे १ कोटी टन धान्य आयात केलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेचं. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री उपास करायला सांगितला होता तो याच काळातला.

हरितक्रांती या दाव्यामुळे झाली असं म्हणणारे आहेत. मला पटत नाही. तेव्हाचे शेतीमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांच्या डोक्यात ते आधीपासून होतं. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आणलं ते पाठीत कुणी कोपर मारला म्हणून नव्हे. आणि घरातल्या गरिबांसाठी फूड स्टॅम्पचा कायदा करणाऱ्याने वाईच्या रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलीचा गहू बंदरात का अडकवावा? अलाबामातल्या हॉस्पिटलच्या मॅनेजरने निदान दुसरं दार बांधलं होतं. तिने काय केलं होतं?

ती मुलगी माझी आई. लाल गहू म्हणजे शिक्षा होती म्हणते. पोळी वातड, गार झाली की पायताण. आणि निवडायचं काम मुलींकडे. एकेका सुपात मूठभर खडे. नंतर १९७२ च्या दुष्काळात मिलो ही परदेशी ज्वारी आली तिचं तर नाव काढलं तरी तिचं तोंड वाकडं होतं. गाजर गवतही त्याच गव्हातून आलं असं सगळे मानतात, आणि आपण त्याला नाव दिलं काँग्रेस गवत. ज्याने त्याने आपापला राग काढायचा.

जॉन्सनच्या मागे हेच लागलं म्हणा. सेल्मानंतरचा मतदानाचा कायदा ६ ऑगस्ट १९६५ ला झाला. पाच दिवसांत लॉस एंजेलिसचा वॉट्स भाग पेटला. त्याला कळेना, एवढं दिलं तरी हे का? तिकडे व्हिएतनाममध्ये सैन्य पाच लाखांवर गेलं, गरिबीविरुद्धच्या लढाईचा पैसा खऱ्या लढाईने खाल्ला. ३१ मार्च १९६८ ला त्याने टीव्हीवर सांगून टाकलं, पुन्हा उभा राहणार नाही. दारिद्र्यरेषेखालचे अमेरिकन १९६४ ला १९ टक्के होते, १९७३ ला ११ च्या आसपास आले. ते बघायला तो नव्हता. रँचवर परत येऊन केस मानेवर वाढवले आणि गाईंमध्ये फिरत राहिला. २२ जानेवारी १९७३ ला हृदयविकाराने गेला. वय ६४. मेडिकेअरचं कार्ड मिळायला सात महिने कमी.

नदीकाठी ओकच्या झाडांखाली, बुटक्या दगडी भिंतीच्या आत घरच्यांच्या थडग्यांमध्ये त्याचं थडगं आहे. काका भिंतीबाहेर उभे राहून पाटीवरच्या तारखा वाचत होते. मग पाकीट काढलं. मला वाटलं काही ठेवताहेत की काय. पण ते निळ्या-लाल पट्ट्यांचं कार्ड काढून नुसतं बघत होते. काकूंनी हाक मारली, फुलांत बसलेय, लवकर या, गुडघे दुखतात. काका कार्ड आत ठेवून गेले.

परतताना गाडीतून आईला फोन लावला. तिच्याकडे पहाट, चहा ठेवलेला. म्हटलं, आई, तुझा लाल गहू अडवणाऱ्या माणसाचं घर बघून आले.

"मेला का तो?"

"पन्नास वर्षं झाली."

"अगं मग विचारायचं राहिलंच," आई म्हणाली. "एक वेळ गहू अडवला ते जाऊ दे. त्यातले खडे तिकडून यायचे, की इथलाच कोणी घालायचा?"